शेरा

निकालपत्रकात सात रकाने.
क्रमांक, नाव, क्लब, काठिण्य, सादरीकरण, एकूण,
आणि कडेला, दीड बोटाचा, शेरा.
बावीस वर्षांत तिथं मी दोनच शब्द लिहिले.
'गैरहजर'. आणि घोटा मुरगळला त्या साली, 'माघार'.

एरवी मी सातपूरला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये
नटबोल्ट मोजतो.
जिल्हा स्पर्धेच्या रविवारी मुलींच्या चुका.
म्हणजे चुका पंच मोजतात, माझी फक्त बेरीज-वजाबाकी.
गुडघा वाकला, एक दशांश.
उतरताना पाऊल सरकलं, एक, नाहीतर तीन.
पडली की अख्खा गुण.
कशी पडली, त्याला रकाना नाही.

हॉल सिडकोतला. वर पत्रा, पत्र्याखाली कबुतरं,
डब्यांमधून साबुदाण्याचा वास,
दोन मॅटच्या फटीवर चिकटपट्टी
आणि ती उचकटू नये म्हणून तिच्यावर बसवलेला
कुणाचा तरी धाकटा भाऊ.

बीम, चौदा वर्षांखालील. पहिली तहुरा तांबोळी, देवळाली कॅम्प.
तिच्याबद्दल पेपरात येईल, मी कशाला लिहू.
ती खाली उतरली तेव्हा मॅटचा आवाज आला नाही,
एवढंच.
दुसरी कोण, ते पत्रकात आहे.
तिसरी ओझरची घुगे. एकही उडी धोक्याची नाही,
एकही पाऊल वाकडं नाही. दहा पूर्णांक शून्य.

आता चौथी.
नभा काठे, मखमलाबाद.
वडील वेल्डर. द्राक्षमांडवाचे उरलेले अँगल जोडून
घरामागे त्यांनी बीम उभा केलाय, वर जुनी सतरंजी.
हे कोचनी चहा पिताना सांगितलं, चहा चांगला नव्हता.

तिसऱ्या उडीला ती गेली.
डावा पाय आला, उजवा आला नाही.
मांडी लाकडावर आपटली, नंतर सगळीच खाली.
हॉलभर एकच 'स्स'.
पंचांचं घड्याळ सुरू. परत चढायला दहा सेकंद.
ती खडूच्या परातीपाशी गेली, तळवे घोळवले, झटकले,
आणि उधारी थकलेल्या दुकानदाराकडं
मान खाली न घालता बघावं
तसं बीमकडं बघितलं.

आठव्या सेकंदाला वर.
पुढं चल, पुढं चल, कोच दोन्ही हातांनी सांगत होते.
त्या उडीचे गुण काठिण्यात धरून झाले होते,
दुसऱ्यांदा मिळत नाहीत,
हे त्या पट्टीवर बसलेल्या पोरालाही ठाऊक असेल.

तिनं तीच उडी मारली.
दोन्ही पाय आले.
क्षणभर ती तिथंच थांबली, कुणीतरी दार उघडायची
वाट बघावी तशी. मग पुढचं सगळं, नीट.

नव्वद सेकंदांच्या वर दोन सेकंद गेले.
एक दशांश वजा. तो मीच वजा केला,
बॉलपेननं, माझ्या सुवाच्य अक्षरात.
नऊ पूर्णांक पंच्याण्णव.
राज्य स्पर्धेला पहिल्या तिघी जातात.

कोच बाहेर, नळापाशी, तिला बोलत होते.
गरज काय होती? सांग ना, गरज काय होती?
ती नाक पुसत म्हणाली,
"सर, ती तशीच राहिली असती ना."

मग येऊन सगळ्या पंचांच्या पाया पडली.
माझ्याही. मी पंच नाही म्हणेपर्यंत वाकलीसुद्धा.

रात्री पत्रक पक्कं करताना
तिच्या ओळीत, कडेच्या रकान्यात, मी पेन्सिलीनं लिहिलं:
उडी पूर्ण.
सचिवांनी विचारलं, हा डाग कसला?
खोडरबर त्यांच्या खिशातच असतं.

सोमवारी गेटवर वॉचमन माझे काळे बूट बघून म्हणाला,
साहेब, पीठ सांडलं वाटतं.
पाच पांढरी बोटं उजव्यावर, तीन डाव्यावर.
म्हटलं, हो.

आठ नंबरच्या नटांची पेटी उघडली, मोजली.
बरोबर भरली.
पुन्हा मोजली.