खांद्यावरचा पाच

किसुमूच्या पाणी-तपासणी खोलीत
ओगोला मास्तर नव्या पोरीला
आधी आकडा लिहायला शिकवतात.

बशीत चोवीस गुलाबी ठिपके.
अपोंदीनं पेनाच्या टोकानं
एकेक टिपत मोजलेत, दोनदा.
विहिरीचं पाणी शंभर पट पातळ केलेलं,
त्यातलं मिलिलिटरभर घेतलेलं,
अहवाल मात्र शंभर मिलिलिटरचा मागतात.
ती लिहिते: चोवीस गुणिले दहाचा चौथा घात.

"चूक नाही," मास्तर म्हणतात,
"पण उंबऱ्यात गर्दी झाली.
दशांशचिन्हाच्या अलीकडे एकच अंक उभा राहतो
आणि तो शून्य नसतो.
चाराला पलीकडे जाऊ दे.
मग दहाच्या खांद्यावर पाच बसव,
बारीक काढ, वर काढ,
बापाच्या खांद्यावरून होड्यांची शर्यत बघणाऱ्या
पोरासारखा."

"आणि शून्यं?"

"मोजलं तेवढंच लिही.
न मोजलेलं शून्य ही थाप,
मग ते कितीही गोल असो."

दोन पॉइंट चार, गुणिले दहाचा पाचवा घात.
वही मिटली. खिडकीतून
तळलेल्या माशांचा वास येत होता.

वहीतून संगणकात, संगणकातून निरोपात,
निरोपातून परत कुणाच्या तरी तक्त्यात,
या प्रवासात कुठेतरी
पाच खांद्यावरून उतरला
आणि दहाशेजारी मुकाट उभा राहिला.
एकशे पाच.
हिशेबनीस केमबोई कामसू माणूस,
त्यानं गुणाकारही उरकून टाकला:
दोनशे बावन्न.
शेरा – पाणी उकळून प्यावे.

मराठीत हे सांगताना माझी पंचाईत होते:
घात उतरला
आणि घात झाला.

सरपण महाग. कोण उकळतंय?
तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यात
अकरा पोरं, सात खाटा,
आणि सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगलेल्या.

अपोंदीच्या हाती तो छापील कागद आला.
आधी तिला हसूच आलं.
मग खुर्ची ओढून ती बसली.

दुपारी मोटारसायकलवाल्यामागे बसून
ती विहिरीवर गेली,
मांडीवर लाल ऑइलपेंटचा डबा.
झाकणाच्या पत्र्यावर तिनं दोन काढला,
चार काढला,
आणि ब्रश हवेतच राहिला.

इथे कुणाला खांदे दाखवायचे?
पुढची चार शून्यं.
त्यातलं एकही तिनं मोजलेलं नव्हतं.

तिनं ती काढली.
मोठी, एकापेक्षा एक वाकडी,
ओघळ येऊ दिले.

पिवळा कॅन घेऊन आलेली एक बाई
झाकणापाशी थांबली.
बोट टेकवत टेकवत
एक, दोन, तीन, चार,
लाल झालेलं बोट तिनं पाहिलं
आणि रिकामा कॅन उचलून
आली त्या वाटेनं परत गेली.