हरकत क्रमांक एकशे चौदा

नकाशावर रेल्वे काढायची रीत सोपी आहे :
एक लांब रेघ, तिच्यावर आडव्या बारीक खुणा,
गोधडीला दोरा घालावा तशी.
मी नगररचना विभागात आरेखक, एकोणतीस वर्षं.
पहिल्याच महिन्यात मला उलटं काम मिळालं :
मिरजेहून सांगली गावात शिरणारा जुना फाटा
ट्रेसिंगच्या कापडावरून ब्लेडनं खरवडायचा.
रूळ उखडून वीसेक वर्षं झाली होती,
नकाशाला ते तोवर कुणी कळवलं नव्हतं.
खरवडला. पण कापड उजेडाकडं धरलं
की उसवलेल्या टाक्यांची भोकं दिसायची.

स्टेशन चौकात आता
स्टेशन सोडून सगळं आहे.
तरी एखादा परगावचा माणूस
बॅग घेऊन उतरतो, चारी दिशांना बघतो,
आणि बाबालाल नदाफ रिक्षातून मान काढून म्हणतो,
"गाडी गेली पावनं. लई वर्षं झाली.
बसा, दुसरीकडनं गाठून देतो."

(एकदाच, पुराच्या साली,
भोंग्यावरून कुणी ओरडलं :
नाव स्टेशनवरनं सुटंल, स्टेशनवर या.
आणि लोक आले, पोटाशी गॅसची पुस्तकं धरून,
कुणी विचारलं नाही, कुठलं स्टेशन.)

परवा सुनावणी झाली.
सुधारित विकास आराखडा, हरकती व सूचना, दुपारी तीन.
पंखे चार, फिरणारा एक.
उड्डाणपूल पाहिजे म्हणणारे त्या पंख्याखाली,
नको म्हणणारे खिडकीकडं,
चहा मात्र दोन्हीकडं सारखाच गार पोचला.
जिनपाल मगदूम उठले : पुलाखाली माझे चार गाळे जातात,
मोबदला कुठल्या सालच्या दरानं?
मागून कुणीतरी : शंभरफुटी रस्ता टेप लावून दाखवा,
शंभर भरला तर मिशी काढतो.
एक पोरगा मेट्रो म्हणाला. सभागृह हसलं.
तोही हसला,
जणू दुसरंच कुणी बोललं होतं.

मग एकशे चौदा. एस्तेर लोंढे,
मिरजेच्या इस्पितळात रात्रपाळीची नर्स.
हातात कागद नव्हता, जेवणाचा डबा होता.
"मला पूल नको, रुंदीकरण नको.
सकाळी सातला सुटते मी. वडापात अकरावी बसते,
बारावा माझ्या मांडीवर.
फाटकात आमी थांबतो, समोरनं रेल्वे जाते,
डबे मोकळे. खिडकीत एक म्हातारा केळं खात असतोय निवांत.
मी राहते तिथं ती थांबत नाही.
दोन मिनटं थांबवा की ओ.
एवढं लिवून घ्या."

साहेब म्हणाले, बाई, रेल्वे आमच्या अखत्यारीत येत नाही.

"मग तुमच्या नकाशात कशाला काढलीय?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं.
मी रेघेकडं.
ती मीच काढली होती, शून्य पॉइंट तीनच्या पेनानं,
खुणा मोजून, एकाही ठिकाणी शाई न फुटता.

लेखनिकानं लिहिलं :
सदर मागणी कार्यकक्षेबाहेरील. निकाली.
बाईंनी डबा उचलला,
पंख्याखालून जाताना पदर सावरला,
दाराशी थांबून चप्पल शोधायला त्यांना
जवळजवळ दोन मिनिटं लागली.

आज सकाळी मी फाटकावर जाऊन उभा राहिलो.
घरी सांगितलं, दूध आणतो.
वडाप होती, तिच्यात काचेला टेकलेलं एक डोकं होतं,
एस्तेरबाईंचं असेल, नसेलही.
गाडी आली. सवयीनं मोजायला लागलो :
सहा डबे, एकशे आठ खिडक्या,
माणूस दिसलेल्या सतरा.

रहिवासाला पिवळा, व्यापाराला निळा,
बागेला हिरवा, पूररेषेला पुन्हा निळा आणि लाल.
सकाळी रोज गावातून जाणारी
ही एवढी मोकळी जागा
कुठल्या रंगानं दाखवायची,
ते आमच्या सूचनापुस्तिकेत नाही.
दूध आणायचं राहिलं.