बद्द

त्बिलिसीत, दिदुबेच्या पुलाखाली, सकाळी साडेसहाला
माणसं उभी असतात. पायाशी पिशवी,
पिशवीतून डोकावणारी थापी, ओळंब्याची दोरी,
पुठ्ठ्यावर हातानं लिहिलेलं:
फरशी. गिलावा. काहीही.
गाडी आधी थांबते ती 'काहीही'पाशी.

तीन आठवडे मी तिथं वही घेऊन उभी राहिले.
मग ऑफिसात येऊन त्या पुठ्ठ्याचं बटण केलं,
कोपरे गोल केले, निळा रंग दिला.
'काहीही' काढून टाकलं.
यादीत बसत नव्हतं.

चाचणीला नुकरी आला. अठ्ठावन्न वर्षांचा, गिलाव्यातला.
नको नको म्हणता म्हणता बूट दाराशी काढले त्यानं.
मी म्हटलं, अंगठा टेकवा इथं, की उघडेल.
टेकवला. फोन म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा.
विजारीला पुसून टेकवला. पुन्हा प्रयत्न करा.
पाचव्या खेपेला त्यानं अंगठा उलटा करून
माझ्याच डोळ्यांपुढे धरला:
चुन्यानं, सिमेंटनं रेघ न् रेघ खाल्लेली,
झिजल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत.
"कचेरीतही हेच होतं," तो म्हणाला.
"मी म्हणजे मीच, हे सांगायला बायकोला न्यावं लागतं."

पुढे सरकलो.
अनुभव: शून्य ते दोन वर्षं, तीन ते पाच, पाचहून जास्त.
"मोडलेल्या देशातली धरायची का?"
कामाचे फोटो? नव्हते.
"फोटोत काय, सगळ्याच भिंती ओळंब्यात असतात."

मग तारे आले. पाचपैकी किती.
"मला कोण देणार?"
काम देणारा.
"आणि त्याला?"
मी पाण्याचा ग्लास उचलला.
व्हाखो म्हणाला, ते दुसऱ्या आवृत्तीत आहे.
"रुस्तावीत एकानं माझे सहा दिवस बुडवले,"
नुकरी शांतपणे म्हणाला.
"त्याची दुसरी आवृत्ती कधी येते?"

कुणी हसलं नाही. तो उठला,
पडद्यामागच्या भिंतीपाशी गेला, बोटाच्या पेरांनी वाजवत चालला
टक, टक, टक,
बद्द.
भिंतीला कान असतात हे ठाऊक होतं,
हा तिच्याकडून वदवून घेत होता.
कानामागची पेन्सिल काढून त्यानं
थाळीएवढं वर्तुळ काढलं.
"इथं पोकळ आहे. फार तर दोन हिवाळे."

मानधनाचं पाकीट माझ्यासमोर उघडलं,
नोट नोट मोजली, सावकाश.
बरं वाटलं मला ते. का, ते विचारू नका.

अंगठा काढला आम्ही, चार आकडे ठेवले.
'काहीही'साठी मी भांडले, हरले.
दुसरी आवृत्ती अजून दुसरीच आहे.

काल सभेत भिंतीवर आलेख पडला,
नऊ महिन्यांची वाढ, हिरवी रेघ,
डावीकडून चढत चढत
नेमकी त्या पेन्सिलीच्या वर्तुळातून वर गेली.
टाळ्या वाजल्या.
मी हाताची मूठ टेबलाखाली
घट्ट आवळून बसले.