चिमट्याची स्प्रिंग

उणे एकतीस. दाराच्या मुठीला हातमोजा चिकटावा
अशा सकाळी हिल्का दुकानात आली.
बुटांवरचा बर्फ झटकलासुद्धा नाही,
थेट तिसऱ्या रांगेपाशी.
चार्जर हवाय, म्हणाली. गाडीचा.

माझ्याकडे तीन असतात.
चार अँपिअरचा, कोटाच्या खिशात मावणारा,
रात्रभर घेतो, पण सावकाश भरवलेलं
बॅटरीच्याही अंगी लागतं.
दहाचा, सतरा दिवे लुकलुकणारा,
खोक्यावर हसरा माणूस, बाहीवर बर्फाचा कणही नाही.
आणि एक लोखंडी, काट्याचा,
वडील विकायचे तसला. तो कुणी घेत नाही,
पण काढून टाकवत नाही.

मी नेहमीचं सुरू केलं :
बॅटरी केवढी? पाणी घालायची की बंद?
गाडी शेडमध्ये की उघड्यावर?
दिवसाला किती किलोमीटर?

शून्य.

लायसन्स मार्चमध्येच गेलं, म्हणाली.
डॉक्टरांच्या तक्त्यावर वरचं एकच अक्षर होतं,
बाकीची त्या दिवशी कामावर आली नव्हती.

किंमत तिने विचारली नाही.
खोकी उघडायला लावली, मोजे काढले
(पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी)
आणि एकेक चिमटा दाबून पाहिला.
तांबडा. काळा. पुन्हा तांबडा.
दहाचा तिच्याच्याने उघडेना.
लोखंडीला तर तिने हातच लावला नाही.
एकवीस वर्षं मी अँपिअर विकतोय,
स्प्रिंग किती कडक
हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं.

चारचा उघडला. मगरीच्या पिल्लासारखा.
हा. चौऱ्याहत्तरच्या बॅटरीला चालेल?
चालेल, वेळ खाईल. पण तुमची साठची,
मीच बसवली होती.
माझी साठची, म्हणाली. हा साइमीला.

साइमी म्हणजे बहीण, तळ्याच्या पलीकडच्या काठाला.
पावतीची घडी घालता घालता ती सांगत गेली :
रोज सहाला ती गाडीत जाऊन बसते,
इंजिन नाही, नुसते दिवे.
तीनदा अपर, एकदा डिपर.
पलीकडून तेच येतं.
फोन आहे ना, मी म्हटलं.
फोनवर ती बरी असते, हिल्का म्हणाली.

मंगळवारपासून पलीकडचा उजेड पिवळा पडलाय.
मला माणसांची तोंडं दिसत नाहीत,
पिवळं दिसतं.
काल दोनदाच लागला.

मी सूचना सांगितल्या, त्या सांगाव्याच लागतात :
आधी तांबडा, मग काळा. प्लग सगळ्यात शेवटी.
आणि गोठलेली बॅटरी कधी चार्ज करायची नाही,
घरात आणून निवांत वितळू द्यायची, चुलीपासून लांब.
अठरा किलो असते. कुणीतरी उचलून...
इथे मी थांबलो.
तीही थांबली. मोजे घालत होती, फार सावकाश.

पावणेचारला दुकान बंद केलं.
दहा नंबरचा पाना घेतला, आणि चार्जर.
तळ्यावरच्या वाटेला दोन्ही बाजूंनी फांद्या रोवलेल्या,
त्यांच्या मधून व्हॅन घातली.
वाटेत एकदा बर्फ कण्हला. मी रेडिओ बंद केला.

साइमीने दार उघडलं ते अंगावर दोन कोट घालून.
कुणी मागवलाय, तिने विचारलं नाही.
बॅटरी आता ओसरीत वर्तमानपत्रावर बसली आहे,
कडांना दव सुटलंय.
आज रात्री काही होणार नाही, मी म्हटलं, उद्या लावू.
साइमीने खोक्यातून चिमटा काढला,
दाबला. उघडला.
हूं, म्हणाली.

सहा वाजले. पलीकडून तीनदा अपर, एकदा डिपर.
इकडची गाडी पोकळ.
मी धावत जाऊन व्हॅनमध्ये बसलो आणि दिलं तसंच.
माझे दिवे नवे आहेत, निळसर पांढरे.

पलीकडे बराच वेळ अंधार.
मग एकच. लांबलचक. दाबून धरलेला.

याचा अर्थ काय? मी काच खाली करून ओरडलो.
पायरीवरून साइमी म्हणाली,
विचारतेय, तू कोण.