कस

अंगठी कापायला शिरीषकडे गेले.
सराफ्यात फळ्या अजून अर्ध्याच उघडल्या होत्या,
पायरीवर रात्रीच्या गराडूंचा तेलकट डाग.
"आत्या, आधी साबण लावून बघू."
लावला. दोराही गुंडाळून पाहिला.
पेर सुजून बटाट्याएवढं, ढिम्म हललं नाही.

याच गादीवर बाबा बसत.
काळ्या दगडावर सोनं घासायचे,
रेघेवर तेजाबाचा थेंब सोडायचे
आणि तेवढा वेळ आम्ही मुलं
शिंकसुद्धा दाबून धरायचो.

पाथ्रीकर डॉक्टरांनी मंगळवारी
चिठ्ठीच्या पाठीवर छाती काढली,
हाडामागे पानासारखं काहीतरी. थायमस.
"लहानपणी इथं पेशींचा कस लागतो.
आपल्याच शरीराचे तुकडे पुढे धरतात.
जिला काहीच ओळखू येत नाही, ती मरते.
जी कडकडून मिठी मारते, तिलाही मारतात.
जेमतेम ओळख पटली, ती पास."

मग माझ्या कशा सुटल्या?

"सगळे तुकडे तिथं असतात कुठे, ताई.
आणि कस फार कडक लावला
तर पहाऱ्याला उरणार कोण?"

आता चौसष्टाव्या वर्षी
त्या पानाची म्हणे चरबी झाली आहे.
पारखणारे गेले.
मी परकरात असताना पास झालेल्यांचा गोतावळा
अजून हिंडतो आहे अंगभर.
काही तर निजूनच होत्या इतकी वर्षं.
चिकनगुनियाच्या तापात कोणी हाक मारली,
की कूस बदलताना आपणहून जाग आली,
डॉक्टरही खांदे उडवतात.

शेजारच्या इंदूताई म्हणाल्या, कुंपणानंच शेत खाल्लं.
असेल.
पण शेत कुठवर आहे
हे कुंपणाला कोणी नीट दाखवलं होतं का?

पहाटे गफूरचाचा यायचा, नियारा,
गटारातला गाळ टोपलीत भरून न्यायचा,
जिलबीच्या पाकात माखलेली सोन्याची धूळ.
बाबा म्हणत, कितीही जपा, कण निसटतोच;
नाहीतर गफूरच्या घरी चूल कशी पेटली असती?

करवत फिरली. कट्ट.
बोटावर पांढरं वळं उरलं,
चाळीस वर्षं ऊन न लागलेलं.

शिरीषनं सवयीनं तुकडा दगडावर ओढला,
थेंब टाकला, आणि गप्प बसला.
"काय रे?"
"आत्या… बावीसचं नाही हे. अठराही अवघड."

बाबांनी स्वतः कसलेलं सोनं.
माझ्या लग्नाला अकरा दिवस राहिले होते,
आणि त्या साली दुकानात काय शिल्लक होतं
ते आईनं मला कधी सांगितलं नाही.
थेंब टाकून ते किती वेळ बघत बसले असतील.

मला हसू आलं. बोटं दुखेपर्यंत.

"डाग देऊन मोठी कर," म्हटलं.
"वरची भर कुठल्या सोन्याची घालू?"
"तसल्याच.
अंगाला सवय आहे."