एक पूर्णांक दोन

उद्यमनगरात, दस्तगीरचाचांच्या कास्टिंग शेडला लागून खोली.
चार महिने मी एका आकड्याच्या मागं आहे :
एक पूर्णांक दोन व्होल्ट.

राजाराम बंधाऱ्यावर एक डबी बसायची आहे,
पाणी किती चढलं ते सांगणारी.
तिच्या पोटात नाण्याएवढा सेल,
आणि मी कबूल करून बसलेय सात वर्षं.
सेल उतरत जाईल. जाऊ दे.
मोजायची पट्टी उतरून चालत नाही.

ट्रान्झिस्टर तापला की घसरतो,
अंशाला दोन मिलिव्होल्ट, नेमानं.
पण अशा दोघांमधला फरक उन्हानं वाढतो.
तो वाढणारा फरक नेमक्या पटीनं फुगवायचा
आणि घसरणाऱ्याच्या पाठीशी उभा करायचा.
कागदावर अर्ध्या पानात जमतं.

बोर्डावर रोज वेगळा आकडा.
भट्टीशेजारी ठेवून पाहिलं,
रंकाळ्यावरच्या कुल्फीवाल्याच्या बर्फात पुरून पाहिलं.
चाचा म्हणाले, "पोरी, ह्याला ताप आलाय का हुडहुडी,
एकदा ठरीव की."

आण्णा वजनमापं खात्यात होते.
गुळाच्या अडतीत काटे तपासत हिंडायचे.
पितळी वजनांची पेटी, आत निळं मखमल, आणि चिमटा.
एकदा मी पन्नास ग्रॅमचं मुठीत धरलं
तर कानाखाली वाजवली होती.
"हात लागला की वजन खोटं बोलतं."
मला किती दिवस वाटायचं,
ह्यांना पोरीपेक्षा पितळ लाडकं.

काल रात्री भिंगाखाली बोर्ड धरला.
दोन पॅडच्या मधोमध
माझ्याच अंगठ्याचा ठसा.
भडंग खाऊन काम करत होते मी.
अख्खं सर्किट खात नाही एवढा करंट
त्या मिठातून चोरवाटेनं चालला होता.

स्पिरिटनं धुतला. वाळवला. लावला.
शून्य.

बरोबरच आहे. ह्याला दोन ठिकाणी स्वस्थ बसता येतं,
एक पूर्णांक दोनवर, नाहीतर शून्यावर,
आणि शून्यावरही त्याचं काही अडत नाही.
सुरुवातीला कुणीतरी ढकलावं लागतं
आणि ढकलून लगेच बाजूला व्हावं लागतं,
पुढं एक नॅनोअँपिअरही न मागता.
तेवढा भाग जोडायचाच राहिला होता.

जोडला. चिमट्यानं.

मीटरवर चार आकडे थांबले,
पाचवा अजून चुळबुळतोय.
आण्णांना फोन लावणार होते, पण साडेतीन वाजलेले.
चिमटा पुसून डबीत ठेवला.

शेडमध्ये चाचांनी ब्लोअर सुरू केला तेव्हा
पाचव्या आकड्याकडं न बघता
मी बोर्ड उचलला, कडेनं धरून,
आणि भट्टीकडं निघाले.