डावा बूट

बुटांचा जोड एकच होता,
कॉलेजने कलकत्त्याहून व्ही.पी.ने मागवलेला,
आणि खेळणारे अकरा.
म्हणून डावा हिलालला, उजवा यादव सोनाराला,
बाकीचे नऊ अनवाणी,
काळ्या मातीच्या भेगांत बोटं अडकवून घेणारे.

हिलाल महारू पाटील, इंटर आर्ट्स,
मारवडकडचा.
लहानपणी जेवताना त्याचा डावा हात
आई पाठीशी बांधायची.
पाय बांधायचं तिला सुचलं नाही.

"चेंडूले लाथा मारीसन पोट भरी का?"
बाप बाजाराच्या दिवशी अमळनेरला यायचा,
मैदानाच्या कडेला गाडी सोडायचा
आणि शिव्या देत
खेळ संपेपर्यंत उभाच.

चेंडू माझ्या बापाने शिवलेला.
आत रबरी ब्लॅडर, तोंडाला चामड्याची वादी.
वादीची गाठ कपाळाला लागली की वळ उठायचा.
जोश्यांचा पोरगा हेडर मारायचा
आणि घरी जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायचा.
हिलाल तेच कपाळ घेऊन आमच्या दारात बसायचा,
ब्लॅडरची नळी दातात धरून हवा भरायचा,
चहा मागायचा.
पहिल्या वेळी आईने कप धुतला, पुसला,
पुन्हा धुतला.

भुसावळची रेल्वेची टीम आली त्या दिवशी
गिरणीचा भोंगा झाला तरी लोक हलेनात.
लोको शेडची ती पोरं, सगळ्यांच्या दोन्ही पायांत बूट,
गोलकीपरच्या डोक्यावर टोपीसुद्धा.
अर्ध्या वेळेला सहा-शून्य.
शिट्टी केमिस्ट्रीच्या सरांकडे,
गार्डाकडून मागून आणलेली;
ती वाजली की टांग्याची घोडी दचकायची.

गोल म्हणजे दोन बांबू आणि वर सुंभाची दोरी.
एक बांबू कलला होता,
म्हणून दोरीचं टोक माझ्या हातात.
मी नऊ वर्षांचा.

शेवटी शेवटी
चेंडू हिलालच्या डाव्या पायाशी आला.
ऊन बोरी नदीच्या पलीकडे गेलेलं.
मला बूट दिसला, मग बुटाचा तळ, तळातले खिळे,
मग काहीच नाही,
नुसता चामड्याचा वास.

वरून गेला, म्हणाले भुसावळवाले.
खालून, म्हणाला सगळा गाव.
सरांनी चष्मा पुसला आणि गोल दिला.
सात-एक.

पुढे काय, पुढे नोकरी.
जकात नाक्यावर कारकून, चोपड्याला, मग पारोळ्याला,
केळीचे ट्रक, कपाशीच्या गाड्या,
डाव्या हाताने फाडलेल्या पावत्या.
यादव सुरतेला गेला, उजवा बूट घेऊन.
लग्नांत, मयतांत, एसटीच्या फाट्यावर
कुणीतरी विचारायचंच:
हिलालभाऊ, वरून का खालून?
तो हसायचा.
एकदा म्हणे पंगतीतून उठून गेला,
ताटात बट्टी तशीच.

परवा आला दुकानावर. काठी, मोतीबिंदू,
पिशवीत तो बूट, उंदरांनी जीभ खाल्लेला.
"याले टाका मारी दे."
कुणाला घालायचाय, मी विचारलं नाही.
बापाची आरी काढली, दोऱ्याला मेण लावलं.
तो समोर पाय लांब करून बसला,
डाव्या अंगठ्याचं नख अजून काळं.

"दोरी तूच धरेल व्हती ना?"

पन्नास वर्षांत हे त्याने मला विचारलं नव्हतं.
चेंडू आला तेव्हा मी हात वर ओढला होता.
भिऊन, की मुद्दाम,
ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

"खालून गेला," मी म्हणालो.
"ते मालूम शे," तो म्हणाला.
"दोरी कोठे व्हती ते सांग."

टाका अर्ध्यावर होता.
मी दोरा दातात धरला,
म्हणजे बोलायला नको.